पाणीपट्टीतून बदली

पाणीपट्टी विभागातून माझी बदली
महापालिकेच्या या कलादालनात झाली
तेव्हा साहेब म्हणाले, सुटलात.
तिथं कुणी मीटरची तक्रार घेऊन येणार नाही.

खरंच कुणी आलं नाही.
पहिल्या आठवड्यात अकरा माणसं.
चौघं पंख्याखाली उभं राहायला,
दोघं स्वच्छतागृह विचारत,
एक जण फोन चार्ज होईपर्यंत थांबला आणि जाताना
भिंतीकडे हात करून म्हणाला, छान ठेवलंय.
मी वहीत लिहिलं : रसिक, अकरा.

नांदेडची एक मुलगी मात्र रोज यायची.
सदाशिव पेठेतली अभ्यासिका परवडेना,
इथलं बाकडं फुकट.
निळ्या चित्राकडे पाठ करून
राज्यघटनेची कलमं पुटपुटत बसायची.
प्रदर्शन बदललं, निळं उतरलं,
तर कावरीबावरी :
काका, मागचं निळं कुठं गेलं?
मला एकोणतीसच्या पुढचं काही आठवेना.

नवी चित्रं एरंडवण्याच्या एका बाईंची.
पेठांमधले कारागीर, मोठाले कॅनव्हास,
उद्घाटनाला पेढे आणि सतरा खुर्च्या,
त्यातल्या नऊ रिकाम्या.

तिसऱ्या दिवशी तांबट आळीतले पोटफोडे आले.
चित्रं बघायला नाही. मला शोधत.
हातात पाणीपट्टीचं बिल, दुप्पट आलेलं.
म्हटलं, आजोबा, मी आता त्या खात्यात नाही.
पण त्यांचं लक्षच नव्हतं.
माझ्या खांद्यावरून ते समोर बघत होते,
भिंतीवरच्या तांबटाकडे.

बराच वेळ.
मग म्हणाले, हा उपाशी मरणार.

म्हणजे?

मनगट बघा की. असं धरून
घंगाळ सोडा, ताटलीसुद्धा व्हायची नाही.

मी वही पुढे केली. त्यांनी लिहिलं :
*हातोडी चुकली आहे.*
खाली सही, आणि सवयीनं
ग्राहक क्रमांक.

संध्याकाळी बाईंनी ते वाचलं.
पान उलटलं नाही, वही मिटलीही नाही.
फक्त विचारलं, हे कुठं राहतात?

दुसऱ्या दिवशी दोघं बरोबरच आले.
आजोबांच्या पिशवीत हातोडी, खरवई,
तांब्याचा एक लालसर पत्रा.
चित्राखाली फरशीवर पोतं अंथरून बसले
आणि मठारायला लागले.

वर पाटी : शांतता राखा.
ती मीच धुऊन लावलेली.

पहिल्या ठोक्याला पाल पळाली.
दहाव्याला समोरच्या झेरॉक्सवाल्याचा पोऱ्या दारात,
मग दोन रिक्षावाले, कोथिंबिरीच्या जुड्या काखेत मारून एक बाई,
मग शाळा सुटलेली.
मी त्रेचाळीसपर्यंत मोजलं. पुढं सोडून दिलं.
पत्र्यावर एकेक खळगी उमटत होती,
प्रत्येकीत दालनातला एकुलता धड दिवा.
नांदेडची मुलगी पहिल्यांदाच
भिंतीकडे तोंड करून बसली.
पुस्तक मांडीवर, उघडंच.
बाई उकिडव्या बसून
कागदावर ते मनगट पुन्हा पुन्हा काढत होत्या.
पाटीबद्दल कुणी काही बोललं नाही.
मीही नाही.

बिलाचं मी जुन्या टेबलावर जाऊन बघितलं.
मीटर शेजारच्याचा निघाला.

चित्र बाईंनी सुधारलं नाही.
शेजारी ते कागद टाचले, सगळे, खाडाखोडीसकट.
आता लोक येतात ते थेट चूक बघायला,
हवेत मूठ धरून
आपापलं मनगट फिरवून बघतात,
ज्यांनी आयुष्यात खिळाही ठोकलेला नाही असे.

महिनाअखेरीस तक्ता भरून पाठवायचा असतो.
*रसिकसंख्या* : मोजता आली नाही.
*तक्रारी* : एक.
*निवारण* : झालेलं नाही,
कृपया करू नये.